डोंगरावर चढलेली तापी

आमच्या घरच्या पुरुषांना एक खोड आहे. कुणाची अडचण दिसली की ती नेमकी काय आहे हे विचारायच्या आधीच ते मदतीला धावतात. माझे चुलतसासरे बन्सीलालकाका तर या खोडीचे पुढारीच. त्यांच्या मदतीतून सहीसलामत सुटलेली माणसं आमच्या तापीकाठच्या गावात फार थोडी. रेमू त्यांतला नव्हता. तो पुरता सापडला.

रेमू म्हणजे रेमो, मूळचा इटलीचा. मी लग्न होऊन या घरात आले त्या सुमाराची, म्हणजे चौतीस-पस्तीस सालची ही गोष्ट. नंदुरबारला कापसातली सरकी काढायच्या एका जिनात यंत्रं बसवायला त्याला मुंबईहून पाठवलं होतं. यंत्रं बसली आणि त्यांच्याबरोबर तोही इथेच बसला. कापसाच्या गाड्या घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून बोलून तो अहिराणी शिकला होता, पण त्याच्या बोलण्यात बाईमाणसाचा पत्ता लागत नसे. काकांच्या घरच्या अनुसयाकाकू आल्या की ‘काकू उना’, म्हणजे काकू आला, म्हणायचा आणि बैल आला की ‘बैल उनी’. काकूंना त्याचं भारी हसू यायचं. बैलाचं काही कळलं नाही.

काकांची आणि त्याची ओळख झाली ती ऑइल इंजिनामुळे. काकांनी केळीसाठी विहिरीवर इंजिन बसवलं, गावातलं पहिलं. पूजा झाली, पेढे वाटले, गाव गोळा झालं आणि इंजिन काही केल्या सुरू होईना. शेवटी गाडी पाठवून रेमूला आणलं. त्यानं इंजिन उघडलं, आत हात घातला आणि एक पेढा बाहेर काढला. काकांनीच नैवेद्य म्हणून तो यंत्राच्या तोंडात ठेवला होता. रेमू हसला नाही. त्यानं तो पेढा कपाळाला लावला आणि रॉकेलात भिजलेला असूनही खाऊन टाकला. त्या क्षणापासून तो काकांचा झाला.

काका म्हणाले, काय हवं ते माग. आता मागणारा शहाणा असता तर त्यानं नदीकाठची काळी जमीन मागितली असती, जिच्यात काठी रोवली तरी पालवी फुटते. रेमूनं मागितला तळोद्याच्या वरचा उतार. सातपुडा जिथून उठायला लागतो तिथे काकांच्या वाटणीत एक बरड तुकडा आला होता. नुसता मुरूम आणि दगडगोटे, मध्ये कुठे तरी तांबडी माती. बकऱ्यासुद्धा तिथे जाऊन निराश होऊन परत यायच्या. काका त्याला घेऊन गेले आणि कान पकडून म्हणाले, “दादा, हाई जमीन नही शे. हाई देवनी टाकेल खडी शे.”

रेमूनं एक दगड उचलला, हुंगला आणि चक्क चाटला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काका घरी येऊन म्हणाले की ऊन लागलं असावं.

त्यानं आपल्या गावाहून वेलींच्या काड्या मागवल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या बोटीनं आल्या. बार्बेरा म्हणून काळ्या द्राक्षाची जात होती. त्या उतारावर ओळी आखून त्यानं त्या लावल्या, खाली एक लहानसं घर बांधलं आणि डोंगराच्या पोटात थंडाव्यासाठी एक भुयार खणलं. या मुलखात थंडी अशी पडतच नाही, त्यामुळे वेलींना झोपायचं कधी ते कळेना. रेमूनं त्यांना वर्षातून दोनदा छाटून आपल्याच हातानं झोपवलं आणि उठवलं. परवाना वगैरे त्यानं रीतसर आणला होता. आमच्या घरात दारूला कुणी शिवत नसे, पण रेमू म्हणायचा ही दारू नव्हे, ही वाईन. काकूंनी विचारलं, फरक काय? तर म्हणाला की दारू माणसाला जमीन विसरायला लावते आणि वाईन आठवायला लावते. काकू म्हणाल्या, घरात बसून आठवत असताना प्यायची गरज काय?

पण त्याला आठवायचं काय होतं हे मला लवकरच कळलं. त्याच्या गावी लुचीया नावाची मुलगी होती. दोघांचं ठरल्यासारखं होतं. अडलं होतं तिच्या बापापाशी. तो बास्तियान, डोंगरउतारावरचा पिढीजात द्राक्षवाला. त्याचं म्हणणं असं की जमीन खोटं बोलत नाही आणि ती वाईनमधून बोलते. जिथल्या टेकडीची वाईन पिववत नाही तिथे माणसानं संसार मांडू नये, निदान त्याच्या मुलीनं तरी. तेव्हा आधी वाईन दाखव, मग मुलगी माग. पुरुषांना हे ऐकून हसू आलं. आम्हा बायकांना नाही आलं. आमच्याकडेही मुलगी द्यायची तर बाप आधी विहिरीला पाणी किती ते पाहतो. तो म्हातारा डोंगर चाखून पाहणार होता, एवढाच फरक.

तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला पहिली द्राक्षं आली. बारीक, काळी, जाड सालीची. काकांनी एक तोंडात टाकलं आणि आदरानं पदराआड, म्हणजे उपरण्याआड थुंकलं. रेमू मात्र हवेत चालत होता. त्यानं काकांना समजावलं की उतारावर पाणी थांबत नाही, म्हणून मुळं पाण्याच्या शोधात दगडांच्या फटींतून खोल खोल जातात. दिवसा दगड तापतात, संध्याकाळी डोंगरावरून वारा उतरतो. वेलीला सुख मिळालं की ती नुसती पानं काढत बसते, अडचणीत पडली की तिला फळाची काळजी लागते. जमीन जितकी हलाखीची तितकी वाईन चांगली. काका मान हलवत होते. त्यांना रेमूच्या मनाचा मोठेपणा दिसत होता. बिचारा, मित्राला वाईट वाटू नये म्हणून दगडांचं कौतुक करतोय.

त्या पहिल्या वाईनच्या मोजक्याच बाटल्या झाल्या. एक कुणा खलाशाच्या हाती इटलीला गेली. बास्तियाननं ती चाखली आणि निरोप दिला की एक बाटली चुकूनही चांगली होऊ शकते. पुढच्या वर्षीची वाईन मी तिथे येऊन पिणार, तो उतार डोळ्यांनी पाहणार आणि मग बोलणार.

सासरा जमीन पाहायला येतोय, ही बातमी गावभर झाली. आणि इथेच सगळं बिघडलं.

आमच्याकडची रीत बाहेरच्यांना माहीत नसेल. मुलगी देणारे घर बघायला यायचे असले की ते घर एकट्याचं राहत नाही. शेजारी आपले बैल आणून त्याच्या गोठ्यात बांधतात. कुणी पितळी भांडी देतं, कुणी गादी, कुणी दारात उभी करायला छकडा. यात कुणाला लबाडी वाटत नाही. पोराचं लग्न गावाचं असतं. मग आता रेमूकडे पाहुणा येणार आणि पाहणार काय? गोटे. तेही बन्सीलाल पाटलानं दिलेले. काकांच्या अन्नावरची वासनाच उडाली. अनुसयाकाकूंना ते म्हणाले की परदेशी पोराचं आपल्यामुळे लग्न मोडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?

दिवाळीनंतर जिनाचा हंगाम सुरू झाला. रेमू छाटणी उरकून नंदुरबारला गेला, तो आता कापूस संपेपर्यंत डोंगराकडे फिरकणार नव्हता. त्याच आठवड्यात आमच्या ओट्यावर गाव बसलं आणि ठरलं की पोराला कळू न देता त्याची जमीन सुधारायची.

आमच्या माणसाकडे देण्यासारखी सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पूर ओसरल्यावर तापी काठाला ठेवून जाते तो गाळ. लोण्यासारखा मऊ आणि काळाभोर. भाऊ भावाला त्याची पाटी देताना दहादा विचार करतो. तो गाळ गावानं गाड्या भरभरून दिला. तळोद्याच्या रस्त्यानं गाड्यांची रांग लागली की लोक विचारायचे, कुणाची वरात? उतारावर गाड्या चढेनात तेव्हा सुपडू कुंभाराची गाढवं लावली, आणि जिथे गाढवंही अडून बसली तिथे काका स्वतः डोक्यावर पाटी घेऊन चढले. साठीच्या माणसाला कुणी अडवलं नाही, कारण अडवणाऱ्याच्याही डोक्यावर पाटी होती. आम्ही बायकांनी कुजलेलं शेणखत दिलं. वरच्या ओढ्याला बांध घालून पाट काढला आणि केळीला देतात तसं वेलींना पाणी दिलं, पोटभर.

वेलींनी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. त्या पिसाळल्या. पानं सुपाएवढी झाली, कोंब शेजारच्या ओळीत शिरले, घड आले तेही कसे, बाजारात मांडावेत असे टपोरे. काका रोज जाऊन त्यांच्याकडे बघत बसायचे. त्यांनी तिथे निंबाच्या पानांचं तोरणही बांधलं.

रेमू आला तेव्हा उताराच्या पायथ्याशी गाव उभं होतं. काका हार घेऊन पुढे. रेमूनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं वाकून काळ्या मातीची मूठ उचलली, तिच्याकडे पाहिलं, आणि काकांच्या तोंडाकडे पाहिलं. काकांच्या तोंडावर इतका आनंद होता की कुणाचंही धाडस झालं नसतं. तो म्हणाला, “चांगलं शे, काका. बहू चांगलं शे.” हार घालून घेतला, गूळ खाल्ला आणि भुयारात जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

वाईन झाली ती पातळ, गुलाबी पाण्यासारखी. रेमूनं काही सांगितलं नाही, पण तो वाळायला लागला. शेवटी काकांनीच त्याला समोर बसवून देवाची शपथ घातली, तेव्हा त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. वेल अंगानं भरली आणि फळातून पाणी झाली. त्या डोंगराची चव गेली, आता ते द्राक्ष कुठलंही आहे. हे विपरीत काकांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. चांगली माती टाकून पीक बिघडतं हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. शिरलं तेव्हा मात्र ते उठून केळीच्या बागेत गेले आणि तिथे बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना पाणी द्यायला गेले होते; पाणी तिथेच ठेवून परत आले. तिकडे बास्तियान तोवर बोटीत बसला होता. वाईनला वेळ लागतो, ती पुन्हा करायला वर्ष लागतं, आणि बास्तियान काही दुसऱ्यांदा येणार नव्हता.

तो आला मार्गशीर्षात. बुटका, रुंद, डोक्यावर काळी हॅट, मिशा अशा की आमच्या पाटलांनीही मान लववावी. तोरण, छकडा, उसने बैल यांच्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. आधी रेमूबरोबर डोंगरावर जाऊन आला. काकूंनी खापरावरचे मांडे केले होते, ते त्यानं मन लावून खाल्ले. मग ओसरीवर वाईन आली. मी आणि काकू दाराआड उभ्या होतो.

रेमूनं ओतली. म्हाताऱ्यानं पेला उन्हात धरला, हुंगला, घोट घेऊन तोंडात फिरवला आणि एक वाक्य बोलला. रेमूनं मान खाली घालून एक वाक्य उत्तर दिलं. म्हाताऱ्यानं पेला खाली ठेवला.

काकांनी विचारलं, काय म्हणतोय? रेमू म्हणाला, “म्हने, मांडा चांगला शेतस.”

माणूस मांड्यांबद्दल बोलून पेला असा ठेवत नाही. काय बोलणं झालं ते आम्हाला पुढे कळलं. म्हातारा म्हणाला होता, हे डोंगरानं केलेलं नाही, यात नदी आहे. नदी डोंगरावर कशी चढली? आणि रेमू म्हणाला होता, मीच चढवली, जास्त पिकाची हाव सुटली मला.

एवढ्यात म्हाताऱ्यानं शेजारी ठेवलेली हॅट उचलली. ती हॅट काकांना कळली. तिला भाषांतर लागत नव्हतं. काकांनी रेमूकडे पाहिलं आणि विचारलं, “तू त्याले काय सांगं?” रेमूनं बाटलीला बूच लावायला घेतलं. मन्हा नाव सांगं का, असं त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तरी तो बुचाशीच झटत राहिला. तेव्हा काका उठले.

ओसरीच्या कोपऱ्यात पाटी पडलेली होती. ती त्यांनी उचलली, अंगणात गेले, नदीच्या दिशेला हात केला, वाकून हवेतलाच गाळ उपसला, पाटीत भरला आणि पाटी डोक्यावर घेतली. मग गावचा पाटील, जरीचा फेटा बांधलेला, सहा फूट उंच, धापा टाकत ओसरीच्या पायऱ्या चढू लागला, जसा काही सातपुडा चढतोय. वर येऊन त्यांनी पाटी पालथी केली. पुन्हा खाली गेले, पुन्हा भरली, पुन्हा चढले. मध्येच गाढव दाखवायचं राहिलं हे लक्षात येऊन त्यांनी डोक्याशी दोन हातांचे कान केले. मग म्हाताऱ्यासमोर येऊन छातीवर हात आपटला, रेमूकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली आणि हात जोडले. “माती मी टाकी. त्याले इचारं नही. त्यानी काय चूक नही शे.”

कुणी हसलं नाही. मी दाराआड पदर तोंडात कोंबला होता, पण तो हसू आवरायला की रडू हे मला आजही सांगता यायचं नाही. काकांचं सगळं बोलणं त्या म्हाताऱ्याच्या लेखी नुसता आवाज होता. पण त्याला जे समजायचं ते समजलं.

त्यानं हॅट मांडीवर ठेवली. रेमूला काहीतरी आणायला सांगितलं. रेमूनं पहिल्या वर्षाची उरलेली एक बाटली आणली. म्हाताऱ्यानं दोन पेले भरले, एक जुन्याचा आणि एक नव्याचा, आणि दोन्ही काकांपुढे सरकवले.

काकूंनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला. आमच्या घरात कुणी कधी थेंबाला शिवलं नव्हतं. काकांनी क्षणभर देवघराकडे पाहिलं. मग नाक न दाबता, कारण पाहुण्यासमोर ते बरं दिसलं नसतं, जुना पेला तोंडाला लावला. त्यांचं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालं. “हाई कडू शे,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग नवा पेला घेतला. दुसरा घोट घेतला. चेहरा उजळला. नको त्या वेळी खरं बोलायची आमच्या घराण्याची दुसरी खोड आहे. “हाई बरं शे. हाई गोड लागस.”

रेमूनं हे मात्र शब्दन्‌शब्द सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा पडला. म्हातारा काकांकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशा हलायला लागल्या आणि तो असा हसत सुटला की त्याला ठसका लागला. काकांनी त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले, आपल्याकडे घालतात तसे. हसणं थांबल्यावर त्यानं डोळे पुसले आणि हळू आवाजात बराच वेळ बोलला. मग रेमू काकांकडे वळला. त्याची अहिराणी एरवी कशीही असो, त्या दिवशी तिच्यात एकही चूक झाली नाही.

“काका, तो म्हनस, हाई वाईन वाईट शे. ती माती उद्याच खाले आना. येलले दगडच पाहिजे. पन पोरले माती पाहिजे. ती आठे शे. पोर धाडस म्हने.” पोरीला लागते ती माती इथे आहे, पोर पाठवतो, असं तो म्हणाला होता.

काकांनी देवघराकडे वळून हात जोडले. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनुसयाकाकू, ज्या परपुरुषासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, दार ढकलून ओसरीवर गेल्या. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर ओढलेला नव्हता. त्यांनी रेमूला म्हटलं, “त्याले सांग, पोर एकली पडाव नही. तिनी माय आठे शे.” तिची माय, म्हणजे त्या स्वतः.

रेमूनं सांगितलं. म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं काकूंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले.